वालूरची बारव आणि सव्वाबारा इंचांचा ग्लोव्ह

डिसेंबर संपत आला की ऑफिसच्या ग्रुपवर लाँग वीकेंडचे प्लॅन शिजायला लागतात. नावं ठरलेली. लोणावळा, अलिबाग, आणि ज्याचा बोनस बरा झालाय त्याचं गोवा! मी यंदा टाइप केलं, ‘वालूर’. दोन मिनिटं ग्रुपवर शांतता. मग एकीने विचारलं, ‘कोणतं रिसॉर्ट गं?’

तर मंडळी, वालूर हे गाव आहे. जिल्हा परभणी, तालुका सेलू. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे तुम्ही ऐकलं असेल. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हेही. दोन्ही म्हणी परभणीकर स्वतःच तुम्हाला ऐकवतात, आणि कुठली कधी ऐकवायची ते त्यांच्या मूडवर असतं. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, मनमाड, संभाजीनगर, जालना हे सगळं झोपेत मागे टाकायचं आणि सकाळच्या थंडीत सेलूला उतरायचं. तिथून पुढे एसटी, नाहीतर दाजींची बाइक. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, ज्वारी पोटरीत आलेली, कुठे वेचायचा राहिलेला कापूस. हुरडा हवा असेल तर हाच सीझन. शहराजवळच्या हुरडा पार्टीत माणशी हजार-बाराशे मोजून जे मिळतं, ते इथे ताईच्या शेतात गोवऱ्यांच्या आरावर फुकट मिळतं. वर शेंगदाण्याची चटणी आणि ‘अजून घ्या की पाव्हण्या’ असा आग्रह.

पण मी हुरड्यासाठी गेले नव्हते. माझ्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा जास्त जागा दोन वस्तूंनी अडवली होती. दोन बेसबॉल ग्लोव्ह. अस्सल लेदरचे. दोन्ही मुद्दाम मागवलेले; एक ठेवायचा, एक दहा दिवसांत परत पाठवायचा, असा साधा हिशेब.

कोणासाठी? माझ्या भाचीसाठी. नववीत आहे, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये सेंटर फील्डला उभी राहते. तिच्या विभागीय ट्रायल्स बारा दिवसांवर आल्या होत्या आणि तिच्याकडे स्वतःचा ग्लोव्ह नव्हता.

परभणीत बेसबॉल?

हसू नका. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, आणि लहान गावांतल्या शाळा हे खेळ मनापासून खेळतात. कारण सरळ आहे. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या टीममध्ये यायचं तर मुंगीला साखरेच्या गोदामात रांग लावावी लागते. इथे गर्दी कमी. राज्य पातळीपर्यंत धडक मारली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. ज्या घरात शेतीचा हिशेब दरवर्षी पावसावर ठरतो, तिथे हा पाच टक्क्यांचा आकडा मुलीसुद्धा तोंडपाठ म्हणतात. ‘छंद’ वगैरे आपल्यासाठी. त्यांच्यासाठी हा करिअर ऑप्शन आहे, बॉस!

अडचण सामानाची. शाळेकडे किट असते, पण ग्लोव्ह मोजके आणि तेही सगळे एकाच मापाचे. टीम बॅटिंगला आली की मुली ग्लोव्ह मैदानावरच ठेवतात आणि समोरची टीम तेच घालून फील्डिंग करते. ऐकायला मजेदार वाटतं, पण अमेरिकेत थेट मेजर लीगमध्येसुद्धा खेळाडू इनिंग संपली की ग्लोव्ह मैदानात टाकून जात. १९५४ साली नियम करून ते बंद करावं लागलं. आमच्या वालूरच्या मुली फक्त सत्तर वर्षं मागे आहेत, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, ग्लोव्ह तो ग्लोव्ह, माप थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. आपल्याकडे विकेटकीपर सोडून कोणाला ग्लोव्ह घालायची परवानगीच नाही, त्यामुळे तो निवडायचा कसा हे आपल्या रक्तात नाही. बेसबॉलमध्ये मात्र सगळ्या नऊ जणांच्या हातात तो असतो, आणि प्रत्येकाच्या जागेनुसार वेगळा.

इनफिल्डला, म्हणजे आतल्या चौकोनात, खेळणाऱ्याला छोटा आणि उथळ ग्लोव्ह लागतो. साधारण सव्वाअकरा-साडेअकरा इंचांचा. कारण त्याला बॉल पकडून क्षणात बाहेर काढायचा असतो. आउटफिल्डचं गणित उलटं. तिथे बॉल उंचावरून येतो किंवा लांबून सरपटत येतो, आणि तुम्ही पळत असता. त्यामुळे बोटं लांब हवीत, खळगा खोल हवा. मोठी माणसं साडेबारा ते पावणेतेरा इंच वापरतात. नियमाने तेरा इंचांच्या वर जाता येत नाही. हे माप तळहाताच्या टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतचं असतं. चौदा वर्षांच्या मुलीला बारा-सव्वाबारासुद्धा पुरतं. बॉल काही फार मोठा नाही. क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा घेराने किंचित मोठा आणि वजनाने थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅम.

दुसरी गोष्ट जाळी. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला तो विणलेला भाग. ही आयडिया बिल डोक नावाच्या सेंट लुईसच्या पिचरची, १९२० च्या सुमाराची. त्याआधीचे ग्लोव्ह म्हणजे नुसते जाडे हातमोजे होते. आउटफिल्डला मोकळी जाळी बरी. इंग्रजी एच अक्षरासारखी किंवा ट्रॅपीझ म्हणतात तशी, सगळीकडून वादीने ओवलेली. कारण उंच बॉल बघताना ऊन थेट डोळ्यांत येतं, तेव्हा ग्लोव्ह डोळ्यांवर धरून जाळीतून बॉल शोधता येतो. परभणीच्या उन्हात ही चैन नाही, गरज आहे. भाचीचं म्हणणं होतं, ‘मावशी, दुपारच्या मॅचला बॉल वर गेला की दिसंनाच जातो. आवाजावर पळावं लागतं.’

आणि ऑनलाइन मागवणार असाल तर एक कानमंत्र. ‘राइट हँड थ्रो’ लिहिलेला ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, म्हणजे घालायचा डाव्या हातात. अर्धी परतीची पार्सलं यातूनच होत असावीत, असा माझा दाट संशय आहे.

बारव आणि मोट

संध्याकाळी भाची मला बारव दाखवायला घेऊन गेली. वालूरला जाऊन बारव न बघणं म्हणजे आग्र्याला जाऊन पेठा खाऊन परत येणं. एरवी बारव म्हटली की चौकोनी आखणी आणि सरळ उतरत जाणाऱ्या पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. ही चक्राकार आहे. पायऱ्या गोल फिरत खाली जातात आणि काठावर उभं राहून पाहिलं की दगड स्वतःच फिरतोय असं वाटतं. मराठवाड्यात अशा जुन्या पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ, पण हा घाट दुर्मीळ. बरीच वर्षं ती गाळ आणि कचऱ्याने भरलेली होती. मग गावकरी आणि राज्यभर बारवा शोधत फिरणाऱ्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’मुळे ती मोकळी झाली, आणि २०२२ साली टपाल खात्याने राज्यातल्या बारवांची पोस्टकार्डं काढली त्यात वालूरची बारव आली. महाशिवरात्रीला इथे पायऱ्यापायऱ्यांवर दिवे लावतात. फोटोसाठी वेडे असाल तर तारीख लिहून ठेवा.

मी मात्र काठावर बसून पाण्याचा विचार करत होते. पायऱ्यांवरून घागरीने पाणी आणलं तर ते घराला पुरेल. शेताला कसं पुरणार? शेताच्या विहिरीवर मोट असायची. आणि मोट म्हणजे काय? लेदर! एका भल्यामोठ्या कातड्याची पिशवी, खाली सोंड. बैलजोडी उतरत्या धावेवरून पुढे गेली की नाडा चाकावरून सरकत मोट वर यायची, सोल सैल पडून सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं. मग बैल उलटे पावलं टाकत मागे. दिवसभर हेच. ऑइल इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत महाराष्ट्राची बागायत या चामड्यावर उभी होती.

त्यामागे हातही ठरलेले होते. ढोर समाजाने कातडी कमवायची, चर्मकारांनी शिवायची, मातंगांनी नाडे वळायचे. आणि ज्यांनी मोट शिवली त्यांनाच गावाच्या पाणवठ्याला हात लावायची बंदी. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं कितीतरी गावांत असंच चालू होतं. हेरिटेज वॉक करताना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

तिथेच मला सुचलं. ज्या भागात पिढ्यान् पिढ्या लेदर पाण्यात बुडवून, बैलाने ओढून, उन्हात वाळवून वापरलं, तिथे लेदर कळणारं माणूस असणारच.

‘स्टँडजवळ तात्या बसतेत की,’ भाची म्हणाली. ‘चपला शिवतेत. त्यांचे वडील मोटा शिवायचे.’

तात्यांची टेस्ट

तात्या सत्तरीच्या पुढचे. समोर आरी, रापी, लोखंडी तिकाटणं, वर ताडपत्रीचं छप्पर. मी दोन्ही ग्लोव्ह त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि कोणता महाग ते सांगितलं नाही.

पहिला परदेशी ब्रँडचा. पावणेतेरा इंची, गाईच्या जातीच्या कातड्याचा, एच जाळी, लाकडासारखा कडक. दुसरा आपल्याच देशात बनलेला, सव्वाबारा इंची, म्हशीच्या कातड्याचा, ट्रॅपीझ जाळी, हातात मऊ.

तात्यांनी आधी ते घातलेच नाहीत. वास घेतला. मग अंगठ्याने तळव्याचं कातडं दाबलं आणि बाजूला पडणाऱ्या सुरकुत्या बघितल्या. ‘बारीक सुरकुती पडली तर कातडं जिवंत हाय. दाबलं आन् नुस्ती सपाट खळी पडली तर वरून रंगाचा थर बसवलेला समजा. असलं कातडं वर्षात सोलून निघतंय.’ दोन्ही पास झाले. मग त्यांनी वादीचं टोक वळवून कापलेली कड बघितली. आतून निळसर करडी असेल तर क्रोमची कमावणी, आतपर्यंत तपकिरी असेल तर सालीची. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा, असं काय काय त्यांनी सांगितलं. हल्लीचे ग्लोव्ह बहुतेक क्रोमवाले असतात. पाण्याला बरे, हलके, मऊ. सालीचं कातडं भक्कम पण जड. ‘मोटेला तेच लागायचं. पोरीच्या हाताला कशाला?’

निकाल त्यांनी दिला तो असा. गाईचा माल उत्तम. कातडं घट्ट, शिवण एकसारखी, दहा वर्षं मरणार नाही. म्हशीचा ठीक. कातड्याची छिद्रं मोठी, मापाच्या मानाने वजन जास्त, आणि वाद्या अगदीच कच्च्या; दोन महिन्यांत तुटतील.

म्हणजे विषय संपला, असं मला वाटलं. महाग तो चांगला, नेहमीसारखं. पण तात्यांनी भाचीला म्हटलं, ‘घाल आन् मूठ मीट.’

तिने पहिला घातला. मूठ मिटेना. दोन्ही हातांनी दाबला तेव्हा जेमतेम अर्धा वळला. दुसरा घातला, मिटला.

‘बारा दिवसांत ह्यो उघडायचा नाही,’ तात्या पहिल्याकडे बोट दाखवत म्हणाले.

हे खरंच आहे. चांगल्या कडक लेदरचा ग्लोव्ह हाताला बसायला कित्येक आठवडे लागतात. तो रोज बॉल झेलूनच बसतो. नेटवर लोक ओव्हनमध्ये घालतात, पाण्यात भिजवतात, गाडीच्या चाकाखाली ठेवतात. असलं काही करू नका, कातड्यातलं तेल निघून जातं आणि शिवणीपाशी चिरा पडतात. दुकानातलं कंडिशनर बोटावर थोडं घ्यायचं, खळग्यात आणि बिजागरीसारख्या वळणांवर चोळायचं, पुसून टाकायचं. तात्यांच्या भाषेत, ‘कातड्याला तेल पाजायचं. अंघोळ नाही घालायची.’ जास्त तेल प्यायलेला ग्लोव्ह जड होतो आणि पुन्हा हलका होत नाही.

दहा-दहा बॉल

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर खरी परीक्षा. मैदान म्हणजे मुरूम आणि खडे, कडेला दोन बाभळी. क्रीडा शिक्षकांनी प्रत्येक ग्लोव्हला दहा बॉल उंच मारले. मोठ्या ग्लोव्हने चार पकडले. बाकीचे आत येऊन उसळून बाहेर, कारण तो वेळेत मिटत नव्हता. छोट्याने आठ. एक मात्र असा होता, अगदी दूर उजवीकडे, जो छोट्याच्या टोकाला लागून निसटला आणि मोठ्यात नक्की बसला असता. तो अर्धा इंच फुकट नसतो. विली मेजने १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाठ फिरवून पळत खांद्यावरून घेतलेला तो प्रसिद्ध कॅच मी तिला मोबाइलवर दाखवला. दोनदा बघून तिचा प्रश्न, ‘त्याचा ग्लोव्ह किती इंचाचा होता?’ बघा, पोरगी कामाची आहे!

तिला मोठाच हवा होता. साहजिक आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव होतं, आणि ट्रायलला येणाऱ्या शहरातल्या मुलींकडे तसेच असतात. ती काही बोलली नाही, पण दोन्ही परत सॅकमध्ये ठेवताना मोठा तिने स्वतःच्या ओढणीत गुंडाळला.

घरात वेगळंच प्रकरण चालू होतं. ताईच्या सासूबाई, म्हणजे आजी, वारकरी. गळ्यात माळ. त्यांनी सकाळीच मला गाठलं. ‘पाव्हण्या, ते गाईचं नाही ना?’

मी खरं सांगितलं. एक गाईचं आहे, एक म्हशीचं. आणि हेही, की मेजर लीगच्या बॉलचं आवरण १९७४ पासून गाईच्याच कातड्याचं असतं. त्याआधी घोड्याचं असायचं. आजींनी थोडा वेळ विचार केला. ‘बॉल शाळेत राहतो. हे घरात राहणार.’ लॉजिक बिनतोड! आपल्या राज्यात गोहत्याबंदी जुनीच आहे आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे इथल्या चामड्याच्या धंद्याची भिस्त म्हशीवर. परदेशातून येणाऱ्या मालाला तो प्रश्न नाही. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि वर नुसतं ‘जेन्युइन लेदर’ लिहिलेलं असतं. तुमच्या घरात हा प्रश्न निघणार असेल तर घेण्याआधी विचारा. नंतर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

शेवटी ठरवायचं माझ्यावर आलं, कारण पैसे माझे. मी म्हशीचा ठेवला. आजींमुळे नाही, तारखेमुळे. हीच ट्रायल जूननंतर असती तर मी कडकवाला ठेवला असता, आजींशी भांडले असते आणि पोरीला पाच महिने रोज शंभर बॉल झेलायला लावले असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाताचा पंजा वाढेल तेव्हा तोच घ्यायचा आहे, हे मी तिला सांगून ठेवलंय, आणि या वाक्याचे साक्षीदार दाजी आहेत.

मग तात्यांकडे शेवटची फेरी. त्यांनी जाळीच्या आणि मनगटाच्या कच्च्या वाद्या काढल्या, स्वतःकडच्या चांगल्या कातड्यातून नव्या कापल्या, मेण चोळलं आणि तासाभरात ओवून दिल्या. करंगळी आणि अंगठ्याजवळची ओवण त्यांनी जरा ढिली ठेवली, म्हणजे ग्लोव्ह लहान हाताला लवकर मिटेल. पैसे विचारले तर म्हणाले, ‘चपलेच्या अंगठ्याचे लावा.’ मी जास्त दिले. त्यांनी उरलेले मोजून परत केले.

संध्याकाळी भाचीने खळग्यात बॉल ठेवला, परकराच्या नाडीने ग्लोव्ह आवळून बांधला. घडी बसायला रात्रभर असाच ठेवायचा असतो. ती तो उशाशी घेणार होती. आजी म्हणाल्या, म्हशीचा असला तरी चामडंच ते, अंथरुणात नको. ताई म्हणाली, ओसरीवर ठेवला तर कुत्रं नेईल. दाजींनी खुंटीवरची छत्री काढून दाराच्या मागे ठेवली आणि खुंटी मोकळी करून दिली. भाचीने स्टूल घेतलं, ग्लोव्ह टांगला, खाली उतरली, वाद्या उंदीर खातील का म्हणून परत चढली आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालायला लागली. मी तिला अडवलं. प्लॅस्टिकमध्ये लेदरला बुरशी धरते. जुनं सुती फडकं दे. आजींनी उठून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला.